डोळे समोरच्यानं उघडायचे

मिरजेत हमीद सतारमेकरच्या दुकानावर जी माडी आहे, तिथलं टेबल दर पाळीला चार बोटं वाढतं. खोली वाढत नाही. खोली आहे तेवढीच, दोन खिडक्यांची, कोपऱ्यात वाळके भोपळे रचून ठेवलेली. टेबल मात्र वाढतं. त्याच्या त्या टोकाला अरविंद मगदूम आहेत आणि ते घरी यायचं नाव घेत नाहीत.

आधी खेळाचं सांगतो, म्हणजे उगीच घोळ नको. दर रविवारी सकाळी ही मंडळी जमायची आणि जुन्या लढाया मांडून बसायची. बोटाच्या पेराएवढे, पायाखाली चिमुकला पाट चिकटवलेले शिशाचे शिपाई, एकेक हातानं रंगवलेला. पागोट्याचा रंग निराळा, म्यानाचा निराळा, आणि त्यावरून तासतासभर भांडण. सतारीसाठी आणलेला भोपळा तडकला की त्याचं अर्धं टरफल पालथं घालायचं, झाला डोंगर. निळ्या रंगावर रोगण चढवलं की झाली तुंगभद्रा. एकदा ह्याची पाळी, एकदा त्याची. पाळी आली की टेपनं मोजून शिपाई पुढं सरकवायचे, पायदळ सहा इंच, घोडा त्याच्या दुप्पट. भिडले की फासे टाकायचे. शरद कुडचे पेशव्यांकडून खेळायचे, मगदूम म्हैसूरकडून, आणि हमीद पंच. एके काळी ही माडी माणसांना पुरायची नाही. मग कुणी मुलाकडं पुण्याला गेला, कुणी कायमचाच गेला, आणि त्यांच्या फौजा हमीदच्या कपाटात कापसात निजल्या. राहिले तिघं. त्यातला एक पंच. म्हणजे शरदच्या समोर बसणारा माणूस सगळ्या जगात एकच उरला होता. हे शरदला पक्कं ठाऊक होतं, पण असलं काही आपण तोंडानं बोलतो थोडंच!

आणि ह्या मंडळींचा एक रिवाज होता, तो मी दुसरीकडं कुठं ऐकला नाही. आपला शिपाई आपण सगळा रंगवायचा, डोळे सोडून. डोळे समोरच्यानं उघडायचे. 'उघडायचे' हाच त्यांचा शब्द. उद्या ज्याला मारणार आहेस, त्याच्या डोळ्यांत आधी एकदा नीट बघ, एवढाच त्यातला अर्थ. ज्याचे डोळे उघडले नाहीत ते पथक आंधळं. आंधळं पथक पटावर उभं राहील, पण हलणार नाही.

टेबल वाढायला लागलं तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. मगदूम जरा लांब वाटले, तर शरदनं चष्मा पुसला. मग फासे तिथवर पोचेनात. मग आवाज पोचायला वेळ लागायला लागला. मगदूमांनी तिकडं "हात्तिच्या!" म्हटलेलं इकडं ऐकू येईस्तोवर हमीदचा चहा पिऊन झालेला असायचा. बरं, टेबलाच्या कडेकडेनं चालत जावं, तर पलीकडची भिंत यायची, खिडकी यायची, खाली रिक्षावाले बोलत बसलेले दिसायचे. मगदूम काही यायचे नाहीत. पटावरून नजर टाकली तरच ते दिसत, बोटाच्या पेराएवढे, आपल्या शिपायांत उभे.

अशाच एका रविवारी मगदूमवहिनी डबा घेऊन जिना चढून आल्या. टेबलाच्या कडेला डबा ठेवला आणि पदरानं मान पुसली.

"भावजी, दिसतात का हो ते?" त्यांनी शरदला विचारलं.

"दिसतात की."

"कसे आहेत?"

"बारीक झालेत."

"पोटात अन्न नाही, दुसरं काय होणार." त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. "रोज ताट वाढते, झाकून ठेवते आणि सकाळी गाईपुढं टाकते. माणूस जिवंत असताना हे किती दिवस करू, सांगा. तुम्ही त्यांना घरी आणा. तुमचंच ऐकतील."

शरद उठला. त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली, "अरविंद! घरी चल!"

वहिनींनी पाणी पिऊन पेला पालथा घातला, तेव्हा कुठं उत्तर आलं.

"लढाई सोडून कसा येऊ? माझं राखीव पथक आंधळं आहे. तू डोळे उघड, ते हलू दे, मग काय तो निकाल लागेल, मग येतो."

म्हणणं बिनतोड होतं. शरदनं हमीदकडं बघितलं.

"जावा की," हमीद म्हणाला. "पण पायदळ सहा इंच. नियम तो नियम."

शरदनं चपला काढल्या, बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि टेबलावर पाय ठेवला. ठेवल्याबरोबर तो तिथं मावला. भोपळ्याचा डोंगर डोक्याच्या वर गेला. रंगाची बाटली पाण्याच्या टाकीएवढी होऊन मागं राहिली. ब्रश मात्र हातातच होता, त्याच्या मापाचा.

"शरदभाऊ," वरून हमीदचा आवाज आला. "एक राहिलं सांगायचं. पटावर उतरलात म्हणजे तुम्ही पण शिपाई. तुमचे डोळे मगदूमसाहेबांनी उघडायला पाहिजेत."

"माझे उघडेच आहेत की रे."

"ते घरचे. वाट संपेपर्यंत पुरतील बहुतेक."

मग चालणं सुरू झालं. हमीदचा हात उतरायचा, टेप पसरायचा, शरद टेपाच्या कडेनं चालून थांबायचा. मग मगदूमांची पाळी. तेवढा वेळ जागचं हलायचं नाही, कान खाजला तरी नाही. दर पाळीला सहा इंचांतली चार बोटं टेबल खाऊन टाकायचं आणि जे काय उरायचं तेवढाच तो जवळ जायचा. ब्रशचं टोक वाळू नये म्हणून त्यानं ते ओठांत धरलं होतं. तोंडभर काजळीची चव पसरली.

वाटेत त्याचेच शिपाई लागले. आता ते त्याच्याएवढे होते. त्यांचे डोळे मगदूमांनी उघडलेले, म्हणून सगळेच्या सगळे मगदूमांसारखे बघत होते, जरासे चिडवल्यासारखे, 'काय कुडचे, आज काय खरं नाही तुमचं' असे. शरद त्या रांगेतून जाताना रडला. इतक्या रविवारांत ह्या माणसाला एकदाही म्हटलं नव्हतं, की बाबा रे, तू समोर नसलास तर मी कुणाशी खेळू? शिपायांनी काही केलं नाही. त्यांची पाळी नव्हती.

नदीपाशी रंग गेले. तुंगभद्रा करडी झाली, मागची निशाणंही करडी झाली. डोंगराच्या पुढं आकारांच्या कडा गेल्या आणि माणूस कुठला, झाड कुठलं, हे जवळ गेल्यावरच कळायला लागलं. शरदनं वर बघितलं. छप्पर नव्हतं, खिडक्या नव्हत्या, टेप धरलेला हात तेवढा होता.

राखीव पथक शेवटच्या डोंगराआड होतं. त्यात एकच शिपाई होता, आणि तो मगदूम होता.

पाय पाटाला चिकटलेले. पागोटं चोख रंगवलेलं, मिशी रेखलेली, नाकाशेजारचा तीळसुद्धा जागच्या जागी. डोळ्यांच्या ठिकाणी नुसती सपाट कातडी.

"आलास?" मगदूम म्हणाले.

"आलो. वहिनी थांबल्यात वर."

"डब्यात काय आहे?"

"वांगं असावं. वास तसा होता."

"हं." मगदूमांनी ओठांवरून जीभ फिरवली. "तुला दिसतंय का अजून?"

"थोडं."

"रंग किती आहे?"

शरदनं ब्रश डोळ्यांजवळ धरून बघितला. "एकाचे होतील."

वारा नव्हता. टेबलावर वारा नसतोच.

"मग तू मागं फिर," मगदूम म्हणाले. "घरचे डोळे आहेत तोवर जा. मी उभा आहे तसा बरा आहे."

"गप्प बस."

"अरे, माझे उघडलेस की तुझे कुणी उघडायचे? रंग नाही. इथंच राहशील पाट लागून."

"वहिनी ताट वाढून गाईपुढं टाकतात रोज," शरद म्हणाला. "मान वर कर. हलू नकोस."

त्यानं डावा हात मगदूमांच्या हनुवटीला लावला. दाढीचे खुंट टोचले. आयुष्यभर त्याचा हात कापायचा, त्यावरून मगदूमांनी त्याला किती छळलं असेल. आज नाही कापला. त्यानं उजवा डोळा उघडला. मग ब्रश ओठांत ओला करून, उरल्यासुरल्या काळ्यात, डावा. ब्रश उचलतो न उचलतो तोच डाव्या डोळ्याची पापणी हलली. शरदला दिसलेलं ते शेवटचं. मग चेहऱ्यावर गार काहीतरी सपाट पसरत गेलं आणि पायाखाली पाट आला.

"राखीव पथक डोळस," हमीदनं जाहीर केलं. "पाळी मगदूमसाहेबांची."

त्यानं टेप गुंडाळून हातात घेतला.

"मगदूमसाहेब, घरची वाट समोर आहे. पण वाटेत शत्रू उभा आहे. त्याला पाडल्याशिवाय पुढं जाता येत नाही."

"आडव्यानं वळसा घालून गेलो तर?" मगदूमांनी विचारलं.

"आडव्यानं टेबल नाही."

"शरद," मगदूम म्हणाले. आवाज अगदी जवळून आला. "शरद, मी बघतोय रे तुझ्याकडं."

"बघ," शरद म्हणाला. "नीट बघ."

लांब, फार लांब, वहिनी डब्याचं झाकण उघडत होत्या. टेप सरसरत उलगडला आणि त्याचं गार पत्र्याचं टोक शरदच्या छातीला येऊन टेकलं.