देवीला घेता न आलेले नाव

१९४६च्या उन्हाळ्यात कोरेगावजवळच्या एका गावात देवी बोलू लागली, आणि पंचक्रोशी ओढ्याकाठी लोटली. आकारामबुवाने तिथे नवा चौथरा बांधून तिची स्थापना केली होती. कुणी प्रश्न विचारला, की बुवा धुपाटणे फिरवून गरजे, "बोल माते, पाताळ फोडून बोल!" आणि मूर्तीच्या तोंडून बारीक आवाजात उत्तर येई. पाताळही मोठे सोयीचे. बुवाच्या जेवणाच्या वेळी ते नेमके बंद असे.

गावातल्या राहीबाईंची विहीर आटली, तेव्हा देवीने कारण सांगितले, "जतची सून दुष्काळ घिऊन आलीया. तिला म्हायेरी धाडा, परत आणू नगा."

राहीबाईंचा शब्द घरात कोणी मोडत नसे. सुनेचे, अंबूबाईचे, गाठोडे ओसरीवर आले. गाडी जुंपायची तेवढी राहिली होती, तोच राहीबाईंचा मुलगा कृष्णात पलटणीतून घरी परतला. बायकोचे गाठोडे पाहून त्याचा चेहरा उतरला. पण आईशी वाद न घालता तो तिच्यापुढे बसला.

"आये, लढाईच्या येळी इटलीत पोंपेई म्हणून रोमन लोकांचं शहर बघितलं. दोन हजार वर्सांमागं डोंगर फुटला अन् समदं राखंखाली गाडलं गेलं. आता उकरून काढलंय. फरसबंदीत गाड्यांच्या चाकोऱ्या हायत, पावाच्या भट्ट्या हायत. अन् एका देवळात देवीच्या चौथऱ्याला मागनं चोरवाट! वाटाड्या म्हनला, पुजारी आत शिरून देवीच्या नावानं बोलायचा."

सुपारी कातरता कातरता राहीबाई थांबल्या. "मग डोंगर फुटतोय, पळा, एवढं सांगाय तिला काय झालं व्हतं?"

"आतल्यालाच ठावं नसंल, आये."

राहीबाई हसल्या नाहीत. तिथला पुजारी आत शिरे. आपला बुवा तर सगळ्यांसमोर उभा असतो. मग आत कोण? आणि आवाज तर बाईचा! त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "कृष्णा, अंबू, चला माझ्यासंगं."

गर्दीने त्यांना वाट दिली. राहीबाईंनी मूर्तीला हात जोडले. "आई, तू समदं जाणतीस. तुझ्या ह्या भगताचं नाव तेवढं सांग."

लोक हसले. बुवा मात्र चपापला. "आक्का, देवीची परीक्षा घेताय व्हय?"

"नाव इच्चारलं रं. परीक्षा कसली त्यात?"

देवी गप्प. लोक कुजबुजू लागले. बुवाने धुपाटणे जोरजोरात फिरवले. "बोल माते! घे माझं नाव! घे म्हनतो न्हवं!"

मूर्तीच्या पोटातून रडवेला आवाज आला, "आवं, धन्याचं नाव कसं घिऊ? लोक काय म्हनतील?"

मग ओढ्याचा काठ हास्याने दणाणला. कृष्णातने चौथऱ्यामागचे गोणपाट ओढले. खाली खड्डा होता, आणि तिथून पत्र्याची नळी मूर्तीच्या तोंडापर्यंत गेली होती. बुवाची बायको सुलाबाई घामाने निथळत वर आली आणि वडीलधारी माणसे पाहून तिने आधी डोक्यावर पदर घेतला.

"ये बाई, वारा खा," राहीबाई म्हणाल्या. "तुझ्या धन्यापरीस तुला रीत ठावी हाय."

"आत्याबाई, आमच्या जतला देवी मुक्याच असत्यात," अंबूबाई हळूच म्हणाली.

"त्याच बऱ्या. चल घरी. विहीर गाळानं भरलीया, अन् बोल तुला लावला. माजंच चुकलं."

देवाला हात जोडण्यास कोणाचीही ना नाही. पण देवाच्या तोंडून माणसाचे हुकूम सुटू लागले, म्हणजे आपल्या पायांनी चौथऱ्यामागे जाऊन पाहावे. आणि तो हुकूम कुणाच्या लेकीला घराबाहेर काढत असेल, तर गाडी जुंपण्याआधी पाहावे.