म्हाळसेच्या गोष्टीचा शेवट

"बापानं हाक मारली अन् पोरगी पळत गेली? हाच शेवट?" रामकिसन गुरुजींनी वही परत केली. "असा शेवट तर सगळा वर्ग करतो. जरा डोकं चालव."

म्हाळसा पेन्सिल चावत बसली. धनगराची ही पोर औरंगाबादच्या छावणीत आत्याकडे राहून सातवीत शिकत होती. आई-बाप मेंढरांमागे रानोमाळ. गुरुजींची उभी नोकरी मुद्द्यांवरून गोष्टी लिहून घेण्यात गेली, तात्पर्यासकट. निवृत्तीच्या तोंडावर त्यांना हुक्की आली, की पोरांनी एकदा तरी मनानं लिहावं. बाकीच्यांनी इमानेइतबारे गाइड उतरवलं. हिनं मात्र मेंढरं राखणारी पोरगी उभी केली आणि दुपारी नवा शेवटही आणला. बाप हाका मारतो, कळप पुढं निघून जातो, पोरगी ओ देत नाही.

गुरुजींना एवढा आनंद झाला, की त्यांनी ती गोष्ट घरी बायकोलाही वाचून दाखवली.

आठ दिवसांनी म्हाळसेचा बाप मुंजाबा बिडकीनहून शाळेत आला. बायको आजारी, मेंढरांमागे माणूस कमी. पोरीला न्यावं की शिकू द्यावं, त्याचं ठरत नव्हतं. त्याला पोरीची हुशारी पटावी म्हणून गुरुजींनी तीच गोष्ट चांगली रंगवून वाचली.

मुंजाबा पटक्याचं टोक चाळवत राहिला.

"पोरगी ओ देत नाय?"

"अहो, मनानं रचलेली गोष्ट आहे ती."

"मनात हाय म्हणूनच रचली ना, गुर्जी?"

"तो शेवट मी बदलायला लावला. तिचा आधीचा वेगळा होता!"

"तुमी कशाला आसं लिव्हाया सांगताल? लेकराला पाठीशी घालताय." त्याचे डोळे भरले होते. तो चिडला असता तर गुरुजी भांडले तरी असते. "इथं ठिवली तर तुटंल वो लेकरू माझं."

दाराआडून सगळं ऐकणारी म्हाळसा दप्तर घेऊन आली. "आबा, म्या नाय तसं करणार," ती रडत म्हणाली.

"व्हय, माय. चल." त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिनं गुरुजींकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी फळ्यावर मुद्दे लिहिले.

"गुर्जी, शेवट मनानं करायचा का?" कुणीतरी विचारलं.

"नको," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी शेवटही फळ्यावर लिहून दिला.