सौमित्रचा वाटा

रायपूरच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाची, येशूच्या आठवणीत वाटून घ्यायच्या भाकर-रसाची, तयारी म्हणजे पद्मजाबाई साळवेंचं राज्य. तिथं चर्चच्या पाळकांचंही काही चालत नसे. आदल्या दिवशी काळ्या मनुका उकळून, गाळून रस काढायचा, रविवारी उजाडताच बेखमीर भाकर भाजायची, आणि कुणी मदतीला आलंच तर "तुमच्यानं नाही होत वं, सरका तिकडं" म्हणून वाटेला लावायचं. रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेली बाई, नाकावर माशी बसू देईल तर शपथ! पण भाकर अशी पातळ आणि एकसारखी, की नाव ठेवायला जागा नाही.

उपासना आटोपली की आजाऱ्यांना जागेवर प्रभुभोजन नेऊन द्यायची या मंडळीची जुनी रीत. ज्याच्या त्याच्या नावाचा तुकडा डब्यात आधीच वेगळा ठेवायचा. आजाऱ्याला एकट्यानं घ्यायला लावायचं नाही, म्हणून शेवटच्या घरी पाळक आणि बाई आपापला वाटा त्याच्या शेजारी बसून घेत.

त्या शनिवारी पाळक इंद्रजीत रामटेके यांचा फोन आला. "बाई, उद्या एक वाटा जास्त ठेवा. समता कॉलनीतल्या दवाखान्यात सौमित्रभाऊ आहेत. लिव्हर पार गेलं. डॉक्टरांनी हात टेकले."

बाईंनी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. सौमित्र त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. आई अखेरचं अंथरूण धरून त्याचं नाव घेत होती, तेव्हा हा पठ्ठ्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात कुणाच्या तरी खोलीवर पिऊन पडला होता. आईच्या मातीलाही आला नाही. पद्मजाबाईंनी त्या दिवशी त्याच्यासाठी दार लावलं, ते पुन्हा उघडलंच नाही. त्यानं दारू सोडल्याचं नंतर कानावर आलं, तरीही नाही.

रविवारी त्यांनी डबा भरला. शंकर नगरच्या म्हाताऱ्या आजींचा वाटा ठेवला, पाळकांचा ठेवला, स्वतःचा ठेवला. सौमित्रचा ठेवला नाही. विसरल्या म्हणता? छे! चांगलं समजून-उमजून ठेवला नाही. "जन्मभर चर्चची पायरी नाही चढला, अन् आता मराच्या वक्ती आयतं पाह्यजे!" असं त्या ओट्यावरच्या भांड्यांना सुनावत होत्या.

दुपारी पाळकांच्या स्कूटरवर मागे बसून, डबा मांडीवर घट्ट धरून बाई निघाल्या. शंकर नगरचं काम झालं. दवाखान्यापाशी पाळक म्हणाले, "तुमच्या मनाला त्रास होत असेल तर खाली थांबा."

"मले कायचा त्रास?" असं म्हणत बाई त्यांच्याही पुढे जिना चढून गेल्या.

खोलीत गेल्या मात्र, आणि पाय थबकले. हा सौमित्र? अंग हळद फासल्यासारखं पिवळं, पोट फुगलेलं, हात काड्यांसारखे. उशाशी त्याची बायको चित्रा बसली होती. ती गडबडीनं उठली, पदर सावरला. सौमित्रनं डोळे उघडले.

"बाई, आलीस?" तो म्हणाला. थोरल्या बहिणीला तो लहानपणापासून बाईच म्हणायचा.

चित्रानं खुर्ची पुढे केली. पद्मजाबाई उभ्याच राहिल्या.

पाळकांनी प्रार्थना केली आणि ते डब्याकडे वळले, तेवढ्यात सौमित्रनं हात हलवला. "नाही पाळकसाहेब. असं फुकट नाही घेत मी. बरा होऊ द्या मले. चर्चमध्ये झाडू मारतो, सतरंज्या टाकतो, वर्षभर सेवा करतो. मंग घेतो."

चित्रानं भिंतीकडे तोंड फिरवलं. वर्ष कुठलं, आठवडा निघाला तरी पुष्कळ, हे त्या खोलीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यालाही असावं. त्याच्या डोळ्यांत भीती होती, उघडीनागडी भीती.

"भाऊ, हे मजुरीत नाही भेटत," पाळक म्हणाले. "ती किंमत येशूनं क्रुसावर देऊन टाकली. जो त्याच्याकडे येतो त्याला तो माघारी धाडत नाही, हा त्याचा शब्द आहे. तुम्ही फक्त त्या शब्दावर भार टाका."

"तुमी तं असंच म्हणसान. तुमचं कामच आहे ते." सौमित्रनं मान वळवली. "बाई, तू सांग. तू मले कधी गोड बोलली नाहीस, म्हणून तुले इचारतो. मले घेईल का तो?"

आता बोला! उत्तर बाईंच्या ओठांवर तयारच होतं. काय म्हणून घेईल? असं केलंस काय तू?

आणि तोच सवाल गर्रकन फिरून त्यांच्याचकडे बघायला लागला. तुला तरी काय म्हणून? बाईंनी घाईघाईनं मनात चाचपून पाहिलं. इतक्या वर्षांची भाकर, मनुका, न चुकलेले रविवार. सगळं होतं जागच्या जागी. पण ज्या हातांनी ती भाकर केली, त्याच हातांनी आज सख्ख्या भावाचा वाटा वगळला होता. येशूचा तो शब्द लायक माणसांपुरता असता, तर सगळ्यांत आधी त्यांनाच परत फिरावं लागलं असतं. आणि दर महिन्याला, दर वर्षी, त्यांना तो तुकडा मिळत आला होता. कुणी अडवलं नव्हतं. रोजच्या विहिरीवर पाणी भरायला जावं, सहज वाकून बघावं आणि तळच दिसू नये, तसं बाईंना झालं.

"घेईल," त्या म्हणाल्या. आवाज स्वतःचाच त्यांना ओळखू येईना.

"काहून?"

"मले घेतलं म्हणून."

"तुले काहून नाही घेणार? तू तं एवढं..."

"गप बस! तुले काय माहीत? तुह्या नावानं दात खाऊन हात पुढे करत होती मी, इतकी वर्षं. त्यानं एकदाबी मले रिकामं नाही धाडलं." बाईंनी डबा उघडून त्याच्यापुढे धरला. "आजबी तुहा वाटा नाही आणला मी. मुद्दाम नाही आणला. हा पाळकसाहेबांचा, अन् हा माहा. माहा घे."

सौमित्रनं तुकडा उचलला. मग त्यानं तो मोडला, बोटांत जोर नव्हता तरी मोडला, आणि अर्धा बहिणीपुढे धरला.

"मंग तू काय खाशीन? धर."

पद्मजाबाई फरशीवर गुडघे टेकून बसल्या आणि त्या पिवळ्या हातातून त्यांनी तो अर्धा तुकडा घेतला. चित्राला हुंदका आवरेना. पाळकांनी प्याला सौमित्रच्या ओठांना लावला. रसाचा एक ओघळ हनुवटीवर आला, तो बाईंनी पदरानं टिपला.

मग सौमित्रनं विचारलं, "एवढंच?"

"एवढंच," पाळक म्हणाले.

"अजून काही करावं नाही लागत?"

"नाही भाऊ. करायचं होतं ते त्यानं केलं."

सौमित्रच्या चेहऱ्यावरची भीती ओसरली. बाईंनी ती ओसरताना डोळ्यांनी पाहिली. कपाळ सैल झालं, जबडा सैल झाला, आणि हा आजारी, थकलेला माणूस लहान मुलासारखा गाढ झोपी गेला.

"चला बाई," पाळक हळूच म्हणाले.

पद्मजाबाई उठल्या नाहीत. "एवढंच आहे, पाळकसाहेब? अन् मी जन्मभर काय करून राहिली होती वं माय!" त्यांना भीती वाटत होती आणि हसूही येत होतं. इतकं मोठं काहीतरी इतकी वर्षं आपल्या हातावर ठेवलं जात होतं, आणि आपण ते आपल्या कामाची मजुरी समजून खात होतो!

पाळकांनी स्कूटरची किल्ली खिशात टाकली आणि तेही त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसले.