पंधराव्या अनुच्छेदाचा सहावा खंड

मनस्वीच्या पुस्तकात संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाला पाच खंड होते, माझ्या पुस्तकात सहा. तिच्या पानावर पाचव्याखाली लगेच सोळावा अनुच्छेद सुरू होत होता. सहावा खंड, आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाचा, २०१९च्या दुरुस्तीने आला. तिचं पुस्तक २०१६चं, कुण्या वकिलाने वापरून दिलेलं. हे मला मार्चच्या पहिल्या रविवारी दिसलं. तिला मी ते सांगितलं नाही.

मी रोह्याला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. मनस्वी धरमतरकडची, तिच्या घरची मिठागरं. आम्ही दोघी पेणला कायद्याच्या पहिल्या वर्षाला. मिठाच्या हंगामात तिचे तास बुडत, म्हणून दर रविवारी रामवाडीत तिच्या हौसामावशीकडे आम्ही एकत्र अभ्यास करायचो. संविधानाच्या पेपरात जी पहिली येईल तिला तो विषय शिकवणारे सर अलिबागच्या त्यांच्या वकिलीच्या ऑफिसात कामाला घेणार होते.

फेब्रुवारीत सरांनी वर्गात विचारलं होतं, समानता म्हणजे सगळ्यांना एकच नियम का? मी व्याख्या सांगितली, एकही शब्द न चुकता. सर ‘बरोबर’ म्हणाले आणि फळ्याकडे वळले. मग मनस्वीने तिच्या गावच्या खाडीच्या बांधाचं सांगितलं. भरतीने बांध फुटून खांड पडली की प्रत्येक घरातून एक माणूस माती टाकायला जातो. एकट्या म्हाताऱ्या बाईच्या घराला सूट असते, आणि त्याला गावात कुणी अन्याय म्हणत नाही. सरांनी खडू खाली ठेवला. माझ्या उत्तराला तो त्यांच्या हातातच राहिला होता.

परीक्षेआधीच्या शेवटच्या रविवारी तिने आरक्षणावरचं उत्तर लिहून माझ्यापुढे ठेवलं. तीन पानं. आर्थिक निकषाला घटनेत जागाच नाही, तो नुसत्या कायद्याने आला, म्हणून टिकू नये, असा तिचा मुद्दा होता. पायाच चुकीचा, पण त्यावरची एकेक पायरी पक्की. चुकीच्या पायावरही ते माझ्या उत्तरापेक्षा चांगलं होतं. हा प्रश्न पेपरात आला तर ती मागे पडेल, हे मी शांतपणे मोजलं. मोजताना बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची मला शिसारी आली.

“तू आर्टिकल वाचत नाय गो ताई, त्याची टेस्ट घेतेस,” ती हसत म्हणाली. “काय झालं, नापास केलंस काय?”

मी म्हटलं, लिहिलंयस छान.

“मग झालं. तुझ्या नजरेतून काय सुटत नाय.”

तिने पानं घडी घालून पिशवीत टाकली आणि पुढचा प्रश्न काढला. मी तिचा हात धरला.

“मनस्वी, तुझं पुस्तक जुनं आहे. मला सहा आठवड्यांपासून माहीत आहे. माझं घेऊन जा.”