शकूर मिस्त्रीचा हात

"पहिले हात ठेव. इथं, क्लचच्या झाकणावर. टाकीले नाही, सायलेन्सरले नाही, इथं. आन् मनात तीन मोज. तिनापर्यंत हात टिकला तं इंजिन खुशीत हाये. एकावरच उचलला गेला तं गिऱ्हाइकाले सांगाचं, भाऊ, आज गाडी ठेवून जा. मंग तो कितीही मोठा मानूस असो."

खामगावच्या माणिकराव उस्तादांनी हे सांगितलं तेव्हा शकूर सतरा-अठरा वर्षांचा होता. उस्तादांना जाऊन आता पंधरा वर्षं झाली, पण त्यांचा तो विडीनं बसलेला आवाज काही कानातून गेला नाही. पुढं शकूरनं जळगाव जामोदला, स्टँडापासून हाकेच्या अंतरावर, स्वतःचं गॅरेज टाकलं. दाढी पांढरी झाली, दोन्ही मुली सासरी गेल्या. एवढ्या वर्षांत हात ठेवल्याशिवाय एकही गाडी त्यानं दुकानाबाहेर जाऊ दिली नाही. हात ठेवायचा, डोळे मिटायचा, ओठ जरासे हलायचे. मग म्हणायचा, "ने." सातपुड्याच्या घाटात गाडी घालणारी माणसं त्या एका शब्दावर निर्धास्त असायची.

आणि तोच हात मेला होता.

एकाएकी नाही मेला. साखरेचा आजार दहा-बारा वर्षांचा. आधी पाय बधिर झाले, चप्पल मागंच राहायची आणि चार पावलांनी कोणीतरी सांगायचं, "मिस्त्री, चप्पल राह्यली." मग बोटांची टोकं गेली. खिशातला वायसर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सापडेना. गेल्या पावसाळ्यापासून उजवा तळहातही गेला. शकूरनं कोणापाशी ब्र काढला नाही. मुबीनाला, बायकोलाही त्यानं सांगितलं नव्हतं. पण तिनं चहाचा पेला त्याच्या हातात देणं केव्हाच सोडलं होतं. पेला ती फळीवर ठेवायची आणि हळूच म्हणायची, "जरा निवू द्या." रोज पहाटे फजरच्या नमाजनंतर ती दुआ पढून पेलाभर पाण्यावर फुंकर घालायची आणि ते पाणी त्याला प्यायला द्यायची. एक दिवस चुकला नाही. कशासाठी, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

इंजिनावर मात्र तो हात ठेवतच राहिला. काय करणार, हात आपसूक जायचा. आणि तीन तर आता कोणत्याही इंजिनावर मोजून व्हायचे.

समता सिस्टरच्या गाडीचं तसंच झालं. समता मेहकरकडची, इकडे पहाडाच्या पायथ्याच्या उपकेंद्रावर नर्स. वरच्या पाड्यांवर लस द्यायला जुन्या मोटरसायकलवर एकटी जायची. मार्चअखेरीला तिनं गाडी आणली आणि म्हणाली, "घाटात लय तापते, मिस्त्री. जळका वास येते." शकूरनं हात ठेवला. तीन झाले, चार झाले, पाच झाले. "काही नाही सिस्टर, उन्हाचं हाये. न्या."

पुढच्याच मंगळवारी चढावर इंजिन जाम झालं. मागचं चाक जागच्या जागी आवळलं, सिस्टर रस्त्याच्या कडेला फेकली गेली, गुडघा फुटला. लसीचा डबा खांद्याला अडकवून ती तशीच पाच किलोमीटर चढून गेली. पोचली तोवर बायका वाट पाहून लेकरांसकट कामावर निघून गेल्या होत्या.

गाडी टेम्पोत घालून शकूरकडंच आली. त्यानं इंजिन उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे, तेल काळं, पातळ, मेलेलं. सिस्टर एवढंच म्हणाली, "जुनी गाडी हाये मिस्त्री, कवातरी जानारच होती." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला तेव्हापासून रोज वाटत होतं. नवा बोर, नवा पिस्टन, सगळं त्यानं मन लावून केलं. पण मनावरचं ओझं काही उतरलं नाही.

आज शनिवार. सुट्टी म्हणून सिस्टर दुपारच्या उन्हात गाडी न्यायला आली. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात पुठ्ठ्याचा लहानसा डबा.

"हे काय आनलं?" शकूरनं विचारलं.

"तेलाचा काटा. मोबाइलवरून मागवला. इंजिनातलं तेल किती तापलं ते हँडलवर दिसते. बसवून द्या."

"कायले? हात हाये ना माहा." बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

सिस्टर हसली. "तुमचा हात हाये हो. पन घाटात तुमचा हात कुठून आनू मी? लसीच्या डब्यात घालून नेऊ काय?"

"बर्फात ठेवसान तं टिकन."

"आन् खरं सांगू काय, मिस्त्री? लसीच्या फ्रिजचा काटा मी रोज सकाळ-संध्याकाळ पाहून लिवते. सन असो, सुट्टी असो, माहा नेम हाये तो. फ्रिजले हात लावून थंड हाये म्हनलं तं साहेब घरी बसवतीन मले."

तिनं ते सहज म्हटलं होतं. शकूरनं मान खाली घातली आणि डबा उघडला.

आत घड्याळाएवढी गोल तबकडी, लांब वायर आणि वायरीच्या टोकाला पितळी नटासारखी वस्तू. तेल सोडायला इंजिनाच्या पोटाला जो नट असतो त्याच्या जागी ती बसवायची. तिचं टोक आत तेलात बुडून राहणार. काम अवघड नव्हतं. उस्तादांच्या वेळी असलं काही नव्हतं, पण पाहिल्याबरोबर कळण्यासारखं होतं.

त्यानं गाडी स्टँडवर घेतली, खाली तगारी सरकवली, पोतं अंथरलं आणि कण्हत आडवा झाला. अंग आंबल्यासारखं होत होतं. ऊन पत्र्यातून खाली उतरत होतं, पंखा गरम हवाच फिरवत होता. नट सोडला, तेल तगारीत आलं. आता तो पितळी तुकडा बसवायचा. तांब्याचं वायसर घालून त्यानं तो भोकाला टेकवला आणि फिरवायला लागला.

आट्यात आटे बसले की बोटाला कळतं, ते कोणाला शिकवावं लागत नाही. आता ते कळेना. इंजिनाचं पोट अॅल्युमिनियमचं. आटे तिरपे धरले तर कापले जातील आणि नवं इंजिन वाया जाईल. त्यानं काढलं, पुन्हा टेकवलं. पुन्हा काढलं. घाम डोळ्यांत उतरला. अखेर बॅटरी दातांत धरून, मान वाकडी करून, डाव्या हातानं त्यानं तो आटा-आटा पाहत बसवला. दहा मिनिटांच्या कामाला पाऊण तास गेला.

"तब्येत बरी नाही काय?" वरून सिस्टरनं विचारलं.

"उन्हाचं हाये."

हे बोलल्यावर तो पोत्यावर तसाच पडून राहिला क्षणभर. हेच शब्द होते मागच्या वेळी.

पहाडातल्या रस्त्यावर दगड उडून तो तुकडा फुटू नये म्हणून त्यानं जुन्या चेनकव्हरची पट्टी कापून त्याच्याखाली आडवी लावली. वायर सायलेन्सरपासून दूर, फ्रेमच्या कडेनं वर नेली, जागोजागी बांधली. चावी लावली की चालू होईल अशी जोडली. तबकडी हँडलवर बसवली. नवं तेल घातलं आणि सगळीकडं फडकं फिरवून पाहिलं. गळती नव्हती. मग गाडी चालू केली.

"नवा बोर हाये, रेस देऊ नका. नुसती फिरू द्या," तो म्हणाला. दोघंही काट्याकडं पाहत बसली. चाळीस. साठ. हवा लागत नव्हती, गाडी जागच्या जागी उभी. ऐंशी. इंजिनाचा आवाज गोड होता, त्याचं त्यालाच समाधान वाटलं. काटा शंभराला टेकला, उभ्या गाडीला तेवढं चालतं. सिस्टरनं मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढला.

आणि शकूरचा हात आपसूक गेला. क्लचच्या झाकणावर, उस्तादांनी दाखवलेल्या जागी. डोळे मिटले, ओठ हलले.

"मिस्त्री," सिस्टर म्हणाली.

तो मोजत होता.

"मिस्त्री, हात काढा." आणि मग वाट न पाहता तिनं त्याचं मनगट धरून हात उचलला. तळहात पांढरा पडला होता. पाहता पाहता लाल व्हायला लागला.

तिनं चावी बंद केली. त्याला माठाजवळ नेलं आणि हातावर पाणी सोडत राहिली, पेल्यामागून पेला. मग स्टुलावर बसवलं. पर्समधून पेन काढलं.

"तिकडं भिंतीकडं पाहा. टोक लागलं की सांगा."

शकूर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "लागलं."

"मी अजून टेकवलंच नाही."

बाहेरून एक एसटी स्टँडात वळली. सिस्टरनं पेन पर्समध्ये ठेवलं.

"कवापासून?"

"पावसाळ्यापासून."

सिस्टर बोटांवर मोजत नव्हती, पण तिच्या चेहऱ्यावरून महिने जाताना त्याला दिसले. पावसाळा, दिवाळी, संक्रांत, मार्च.

"म्हंजे माही गाडी पाह्यली तवा..."

"हाव." आता झाकण्यात अर्थ नव्हता. "तवा बी मले काही लागलं नाही. मी पाचपर्यंत मोजले, सिस्टर. पाच."

ती आडव्या टाकलेल्या टायरवर बसली. खूप दमलेली दिसली एकाएकी. "मी घरी सांगतलं, मलेच चालवता नाही आली. मीच गियर चुकीचा टाकला असन. नवरा म्हने, सोड आता गाडी, बाईमानसाचं काम नाही ते. मी आयकून घेतलं."

माफी मागावी तर ती शकूरला हलकी वाटली. "मिस्त्रीचा हात गेला हे बजारात गेलं तं दुकानाचं शटर उघडून काय फायदा," तो अखेर म्हणाला. "म्हनून दाबून ठेवलं. दुसरं काही येत नाही मले."

"मी नाही सांगनार कोनाले." तिनं पर्समधून मलम काढलं, हळूहळू लावलं, वरून पट्टी गुंडाळायला लागली. "पन तुमी मले एक सांगा. माह्यानंतर अजून कोनाले हातानं पाहून देली?"

कोणाला नाही, असं म्हणता आलं असतं. ते ओठांवर आलंही. पण पट्टी बांधणारे तिचे हात चालत होते आणि सलवारीवर गुडघ्यापाशी अजून रक्ताचा डाग धुवून धुवून फिका राहिलेला होता.

"गावातले हायेत चार-पाच. ते हितंच फिरतेत. पन एक दयाराम हाये, सोनाळ्याचा. पहाडातून दूध आनते, दोन्हीकडून कॅन लावून. परवा आला होता, तापते म्हने. मी म्हनलं, ने."

सिस्टरची पट्टी थांबली. "लावा फोन."

त्यानं लावला. बंद होता. पुन्हा लावला, पुन्हा बंद.

"पहाटे चार वाजता निघते तो," शकूर म्हणाला. "आज संध्याकाळी घरी सापडन."

"मंग?"

"मंग जातो."

"उद्यावर नका टाकू."

"आजच जातो. त्याले तोंडानं ने म्हनलं, तोंडानंच थांब म्हनाले लागन. आन् काऊन थांब, ते बी." तो थांबला. "जबान देली, सिस्टर."

"आन् सोमवारी दवाखान्यात या. हात दाखवाले बी, पाय दाखवाले बी."

"येतो."

ती गाडीवर बसली. निघताना काट्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. मान हलवून तिनं किक मारली.

गॅरेजमागच्या दारात मुबीना उभी होती. केव्हापासून, ते तिनं सांगितलं नाही. तिनं पट्टी पाहिली. आत गेली, भाकर आणि कांद्याची चटणी कापडात बांधून आणली, सोबत साखरेच्या गोळ्यांची पुडी.

"वेळेवर खा," ती म्हणाली. "एसटीत झोप लागली तं राहून जाईन."

"दयारामनं दहा जनाले सांगतलं तं दुकान बसन, मुबीना."

ती पदराची कड बोटाला गुंडाळत राहिली. तिचा आवाज तसाही कधी भिंतीपलीकडं जात नसे. "मानूस घाटातून घरी आला पायजे पहिले. दुकानाचं वरचा पाहीन."

"तुले ठाऊक होतं ना?"

"तुमाले सांगाचं होतं तवा सांगतलं असतं." एवढं म्हणून ती तगारीतलं काळं तेल डब्यात ओतायला वाकली.

त्यानं पाने आणि तेलाचा नवा डबा पिशवीत घातला. उजव्या हाताला पट्टी. गाडीचं हँडल धरण्यात अर्थ नव्हता. साडेतीनची सोनाळ्याची बस होती. पिशवी डाव्या खांद्याला लावून, शटर निम्मं ओढून तो रस्त्यावर आला. ऊन अजून डोळ्यांत जात होतं. चार पावलं गेल्यावर त्यानं खाली पाहिलं, दोन्ही चपला पायात आहेत ना ते बघून घेतलं, आणि रस्त्याच्या कडेकडेनं स्टँडाकडं चालू लागला.