निरोगी गटातली नळी

"मूठ आवळा. हां, आता सोडा. झालं."

"झालं? अहो, टोचली कधी?"

"तुम्ही सुनेची गाऱ्हाणी सांगत होता ना, तेव्हाच."

खुर्चीतली बाई खुदकन हसली. तिच्या छातीत गाठ सापडली होती. दोन दिवसांनी त्या गाठीचा तुकडा तपासायला काढणार होते, आणि त्याआधी संशोधनासाठी एक नळी रक्त हवं होतं.

"यावरून कळेल का हो, कॅन्सर आहे का ते?"

सुईबाईने नळी हलक्या हाताने उलटीसुलटी केली. तीस वर्षं रक्त काढून काढून तिचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला सुईबाईच म्हणत.

"हे बघा," ती म्हणाली, "रक्तात पहारा करणाऱ्या पेशी असतात. घरात कुणी शिरलं की कुत्रं भुंकतं ना, तशा त्याही आपला रंगढंग बदलतात. आमच्या डॉक्टरीणबाई त्याच खुणा शोधतायत. पण कुत्रं मांजरावरही भुंकतं! म्हणून तुकडा तपासायचाच. ते चुकवायचं नाही, सांगून ठेवते."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, म्हणतात ते असं. सुईबाईच्या स्वतःच्या डाव्या स्तनात वाटाण्याएवढी गाठ होती आणि हे तिच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. आंघोळ करताना एकदा हाताला लागली. आधी तिने म्हटलं, यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे. ते झालं. मग म्हटलं, घराला रंग होऊ दे. तोही झाला. पुढे ढकलायला आता कारणही उरलं नव्हतं, तरी ती ढकलतच होती. खरं सांगायचं तर ती घाबरली होती.

त्यात गेल्या आठवड्यात तिने एक घोळ करून ठेवला होता. संशोधनात दोन गट होते, गाठ असलेल्या बायकांचा आणि तुलनेसाठी निरोगी बायकांचा. निरोगी गटात पन्नाशीपुढच्या बायका कमी पडत होत्या. डॉक्टरीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सुईबाई, तुम्हीच द्या की! तुमच्यासारखी ठणठणीत बाई कुठे शोधू?" सगळे हसले, तीही हसली. फॉर्मवर प्रश्न होता, 'स्तनात गाठ जाणवते का?' चारचौघांत पेन अडवून बसायची तिला लाज वाटली. तिने 'नाही' लिहिलं आणि बाही वर केली. घरचीच बाई म्हणून मग कुणी तपासलंही नाही.

आज दुपारी नळ्या पोचवायला ती प्रयोगशाळेत गेली, तेव्हा डॉक्टरीणबाई खुशीत होत्या. पोरीच्या वयाची बाई, जेवणाचा डबा तसाच बाजूला पडलेला.

"निरोगी गट पुरा झाला, सुईबाई! उद्या तुलनेला बसते."

"त्यात एखादी नळी चुकून भलतीच आली असेल तर?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मग निरोगी रक्त कसं असतं, हेच आपण चुकीचं शिकू. आणि उद्या एखाद्या बाईला सांगू, काही नाही, घरी जा."

सुईबाई दारापर्यंत गेली. तीस वर्षांत तिच्या हातून एका नळीवर दुसरीची चिठ्ठी लागली नव्हती. स्वतःच्या जिवाशी तिने खुशाल खोटं बोलून घेतलं होतं, पण त्या नळीचं खोटं तिला गिळवेना. ती परत फिरली.

"माझी नळी काढा त्यातून."

"का हो?"

"मला गाठ आहे. मी खोटं लिहिलं."

डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या. "चला आत. आधी तुम्हाला तपासते."

"आधी नळी."

"अहो, नळी कुठे पळून चाललीय का?"

"तुमचा काय भरवसा? डबा खायचं विसरता तुम्ही. आधी नळी."

डॉक्टरीणबाईंनी मुकाट्याने तिचा नंबर निरोगी यादीतून खोडला, वर तारीख घातली, सही केली. मग तिला खांद्याला धरून आत नेलं. त्यांनी गाठ दोनदा चाचपून पाहिली. शेवटी म्हणाल्या, "उद्या तुकडा काढू. त्याआधी नवं रक्त, नवा फॉर्म. आणि कुणाला तरी बरोबर आणा."

घरी गेल्यावर तिने नवऱ्याला चहा दिला आणि सांगून टाकलं, गाठ आहे, उद्या तपासणी आहे. तो चहा तसाच धरून बसला. मग म्हणाला, "किती वाजता निघायचं?"

सकाळी दोघं बाकावर पेशंटच्या रांगेत बसली. ओळखीचे लोक येता-जाता विचारत होते, "सुईबाई, आज इकडे?" ती म्हणत होती, "आज माझा नंबर." कसनुसं हसून पुढे जायचे बिचारे.

फॉर्म हातात आला. 'स्तनात गाठ जाणवते का?' तिने लिहिलं, 'हो'. खालचा प्रश्न होता, 'कधीपासून?' पेन जरा अडलं. मग तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'तीन महिने'.

शेजारी बसलेल्या नवऱ्याने ते वाचलं. तीन महिने म्हणजे त्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्याही आधीपासून. त्याला वेळेवर थेंब घालताना, त्याला हात धरून जिन्यावरून उतरवताना ती हे घेऊन फिरत होती. रागवावं असं त्याच्या मनात आलं असेलही. तो म्हणाला एवढंच, "दुखतं का गं?"

तीस वर्षं ती हा प्रश्न दुसऱ्यांना विचारत आली होती.

"गाठ नाही हो दुखत," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

अक्षर पुसलं जाऊ नये म्हणून नवऱ्याने तिच्या मांडीवरचा फॉर्म अलगद आपल्याकडे ओढून घेतला.