डावीकडची सावली

शिळफाट्यावरच्या निम्म्या दुकानांचे बोर्ड एके काळी शब्बीर पेंटरच्या हातचे. मग आलं ते मेलं फ्लेक्स, आणि त्याच्या वाट्याला उरल्या गाड्यांच्या नंबरप्लेटी. पण दातांच्या डॉक्टर प्रणिताबाईंना नव्या दवाखान्याच्या भिंतीवर नदी हवी होती, झाडीतली, बघून पेशंटची भीती पळावी अशी. नमुना पसंत पडला तर शब्बीरने रंगवायची, नाहीतर शुक्रवारी फोटोचं फ्लेक्स चिकटणार. फ्लेक्सपुढे पुन्हा हरायचं नाही, एवढं त्याने ठरवलं.

बुधवारी सकाळीच तो नमुन्यासाठी फळी घेऊन पाताळगंगेच्या काठी बसला, चित्र उरकलं आणि ऐटीत घरी आणलं. त्याच्या बायकोने, हलिमाने, ते दारात धरून निरखलं.

"ऊन उजवीकडनं येतंय," ती म्हणाली, "मग झाडांच्या सावल्याबी उजवीकडंच कशा पडल्या?"

शब्बीर भडकला. तुला रंगातलं काय कळतंय, असंही बोलून गेला. पण खोट तिने नेमकी पकडली होती. चाळीस वर्षं प्रत्येक अक्षराला त्याने उजव्या अंगाला काळी सावली दिली होती, आणि हात नदीवरही तेच गिरवून आला होता. पाणी तर थेट डब्यातलं निळं! त्याची त्यालाच लाज वाटली.

गुरुवारी सकाळी आठलाच स्वारी पुन्हा काठावर. या खेपेला आधी सावल्या, झाडं मागाहून. आणि बघतो तर काय, सावली काळी नव्हतीच मुळी, चांगली जांभळट होती. उंबराखालचं पाणी शेवाळी, मध्येच उन्हाचा पिवळा पट्टा. हात सवयीने उजवीकडे ओढायचा, हा त्याला दटावून डावीकडे आणायचा. तासाभरात ऊन सरकलं, तसा त्याने ब्रश खाली ठेवला. दोन करंज राहिले तर राहिले, म्हणाला.

शुक्रवारी त्याने फळी डॉक्टरांसमोर धरली. त्या वाकून सावल्या बघू लागल्या.

"सकाळचे आठ वाजलेत ना इथे, शब्बीरभाई?"

शब्बीरने मान डोलावली. जन्मभर त्याने लोकांना अक्षरंच वाचायला दिली होती. या फळीवर एकही अक्षर नव्हतं, आणि तरी बाईंनी बरोबर वाचलं होतं. त्याचे डोळे भरून आले, ते त्याने लपवलेही नाहीत.

डॉक्टरांनी तिथूनच फ्लेक्सवाल्याला फोन लावला आणि येऊ नका म्हणून सांगितलं.